संशोधनाचे भित्तिपत्रक : आखणी आणि छपाई

भित्तिपत्रक ही वस्तू आपल्या शाळांना नवी नाही. पंधरवड्यातून एकदा फलकावरचा जुना कागद उतरवून नवा लावायचा, कोपऱ्यांत वेलबुट्टी काढायची, ज्याचे अक्षर वळणदार त्याच्याकडून कविता उतरवून घ्यायच्या, हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तथापि विज्ञान-प्रदर्शनांच्या आणि प्रकल्पांच्या निमित्ताने अलीकडे जे ‘पोस्टर’ आमच्या विद्यार्थ्यांपुढे येऊन ठाकले आहे, ते याच कुळातले असले तरी त्याचा धर्म निराळा आहे. ते शोभेसाठी नसते. चार महिने खपून जे शोधून काढले, ते अनोळखी माणसाला उभ्याउभ्या समजावे एवढ्याचसाठी त्याचा जन्म असतो. आणि तो अनोळखी माणूस तेथे फार तर दोन-तीन मिनिटे थांबतो. चार महिन्यांच्या श्रमांचे चीज व्हायचे की नाही, हे त्या दोन-तीन मिनिटांत ठरते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. संगणक शिकलो तो गरजेपुरता. परंतु हे काम संगणकाचे कमी आणि वाचकाचे अधिक आहे, असे आमचे मत झाले आहे.

ही पद्धत संशोधकांच्या परिषदांतून आली. निबंध शेकडो, दिवस मोजके आणि सभागृहे त्याहून मोजकी. प्रत्येकाने व्यासपीठावर येऊन आपला निबंध वाचावा म्हटले तर परिषद महिनाभर चालवावी लागेल. तेव्हा निबंध भिंतीवर लावावा, लेखकाने शेजारी उभे राहावे आणि ज्याला जिज्ञासा असेल त्याने जवळ येऊन विचारावे, अशी तोड निघाली. युरोपातील जीवरसायनशास्त्रज्ञांच्या महासंघाचे १९६९ साली माद्रिद येथे जे अधिवेशन भरले, तेथून आंतरराष्ट्रीय परिषदांत हा प्रघात सुरू झाला असे मानले जाते. त्या काळी हे फलक कागदाचे तुकडे डकवून तयार होत. पॉवरपॉइंट हे सॉफ्टवेअर पुढे १९८७ साली निघाले, आणि तेही भिंतीएवढा कागद छापण्यासाठी नव्हे, तर ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका तयार करण्यासाठी. पण जे हाताशी असते तेच कामाला येते. चौकट ओढावी, हलवावी, तीत मजकूर भरावा, चित्र ठेवावे, इतके सोपे साधन दुसरे नसल्यामुळे जगभरचे संशोधक आपली पोस्टरे त्यातच करू लागले. ज्यांच्याकडे पॉवरपॉइंट नाही, त्यांना लिबरऑफिसमधील इंप्रेस विनामूल्य मिळते. पुढे जे सांगणार आहोत ते बहुतांशी त्यालाही लागू आहे.

उदाहरणावाचून असल्या गोष्टी उमजत नाहीत. म्हणून आमच्या नववीच्या चार विद्यार्थ्यांचा प्रकल्पच घेऊ. विषय होता खाजनातील पाण्याचा खारेपणा. गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगावयास हवे की, खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीहून सखल असलेली आणि बांध घालून राखलेली शेतजमीन. बांधात जागोजागी झडपांची दारे असतात. त्यांना मानस म्हणतात. भरतीचे पाणी चढू लागले की बाहेरच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि साठलेले पाणी बाहेर पडते. दिवसातून दोनदा हा व्यवहार माणसाच्या मदतीवाचून चालतो. बांध फुटला किंवा मानस निकामी झाले, म्हणजे खारे पाणी शेतात शिरते, पीक जाते, आणि तसेच पडीक राहू दिले तर त्या जागी खारफुटी वाढू लागते. मुलांनी मानसापासून निरनिराळ्या अंतरांवर पाण्याचे नमुने घेतले, प्रत्येक नमुन्यातील ठरावीक पाणी आटवले आणि मागे उरलेले क्षार तराजूत तोलले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या मापाशी आपले आकडे त्यांनी ताडून पाहिले. साधने साधी होती, पण काम प्रामाणिक होते.

या प्रामाणिक कामाचा पोस्टरासाठी जो पहिला मसुदा आमच्यापुढे आला, तो जवळजवळ अठराशे शब्दांचा होता. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतक, साहित्य, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष, उपयोग, ऋणनिर्देश असे सगळे काही, वहीतल्या क्रमाने. यात मुलांचा दोष नाही. एवढा मोठा कागद मिळणार म्हटल्यावर त्यात पुष्कळ मावेल असे कोणालाही वाटावे. पण मोठा कागद अधिक मजकुरासाठी नसून मोठ्या अक्षरांसाठी असतो, ही गोष्ट एकदा मनात ठसली की निम्मे काम झाले. चारशे-पाचशे शब्दांच्या पलीकडे पोस्टर जाऊ लागले की वाचक पुढच्या पोस्टराकडे जाऊ लागतो.

मग काय ठेवावे आणि काय गाळावे? आम्ही मुलांना एकच प्रश्न केला : पाहुण्याने तुमच्या पोस्टरातले एकच वाक्य घरी न्यायचे ठरवले, तर ते कोणते असावे? यावर चौघांचे चांगलेच जुंपले. एकाला आपली आटवण्याची रीत प्रिय, दुसऱ्याला आलेख, तिसरीला बांधावरच्या शेतकऱ्याने सांगितलेली हकिकत. दोन तास असा वाद झाला आणि तो होणे आवश्यकच होते. कारण त्यातून जे वाक्य उरले तेच त्यांचे खरे संशोधन होते, आणि बाकीचा सारा मजकूर त्या वाक्याच्या चाकरीला लावायचा होता. मथळाही त्याबरोबर बदलला. आधी तो ‘खाजन शेतजमिनीतील जलक्षारतेचे तुलनात्मक अध्ययन’ असा होता. मागाहून ‘मानस बिघडले तर खारे पाणी शेतात किती आत येते?’ असा झाला. पहिला मथळा विद्वत्तेचा वाटतो खरा, पण दुसरा वाचल्यावर उत्तर शोधण्यासाठी पाऊल आपोआप पुढे पडते.

अमेरिकेतील माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या संशोधकाने २०१९ साली या विचाराचे टोक गाठले. त्याने सुचवलेल्या रचनेत पोस्टराच्या मधोमध सर्वांत मोठ्या अक्षरांत निष्कर्षाचे एकच वाक्य असते, आणि बाकीचा तपशील दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्ट्यांत ढकललेला असतो. तिची पुष्कळ वाहवा झाली आणि टीकाही झाली. आमच्या मते शालेय प्रदर्शनासाठी ती थोडी उग्र आहे. परीक्षक कार्यपद्धती विचारतात, आणि ती कोपऱ्यात बारीक अक्षरांत असली तर त्यांचा उगाच गैरसमज होतो. पण निष्कर्ष तळाशी उजव्या कोपऱ्यात, म्हणजे जेथे वाचकाची नजर सर्वांत शेवटी पोहोचते किंवा मुळीच पोहोचत नाही अशा जागी, ठेवण्याची आपली सवय मोडायला ती चांगली आहे.

आता कागदाचे माप. संगणकाला हात लावण्यापूर्वी दोन ठिकाणी चौकशी करावी : प्रदर्शनाच्या संयोजकांकडे, फलक आडवा आहे की उभा आणि केवढा; आणि छपाईच्या दुकानात, त्यांच्या यंत्रावर केवढ्या रुंदीचा कागद चढतो. संशोधनाच्या पोस्टरांसाठी जगभर बहुधा ए-० हे माप चालते : ८४१ मिलिमीटर रुंद आणि ११८९ मिलिमीटर लांब. हे आकडे विचित्र दिसतात, पण त्यांच्यामागे एक सुंदर युक्ती आहे. या कागदाचे क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर धरलेले असते आणि लांबी व रुंदी यांचे प्रमाण २ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे १.४१४ असते. अशा कागदाची लांबी मधोमध दुमडली की जो अर्धा कागद मिळतो त्याचेही प्रमाण तेच राहते. दुसऱ्या कोणत्याही प्रमाणाच्या कागदात हा गुण नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांनी तो वहीत सिद्ध करून पाहावा. जर्मन विद्वान लिख्टेनबर्ग याने १७८६ साली एका पत्रात या गुणाचा उल्लेख केला होता, आणि १९२२ साली जर्मनीत त्यावरून कागदांची मापे प्रमाणित झाली. ए-० अर्धा केला की ए-१, तो अर्धा केला की ए-२, असे करीत चौथ्या पायरीवर आपला नेहमीचा ए-४ येतो. म्हणजे एका ए-० मध्ये सोळा ए-४ मावतात आणि लांबी-रुंदीने तो चौपट असतो. ही चौपट लक्षात ठेवावी. पुढे तिचा फार उपयोग आहे.

आपल्याकडील दुकानदार मात्र फुटांत बोलतो. तीन बाय चार फूट हे त्याचे लाडके माप. त्याचे प्रमाण १.३३ पडते, ए-० चे १.४१. एका मापात आखलेले पोस्टर दुसऱ्या मापात छापायला दिले, की एक तर बाजूला पांढरी पट्टी उरते, किंवा घाईत असलेला कारागीर चित्र ताणून कागद भरतो आणि मग वर्तुळे अंड्यांसारखी व माणसे ठेंगणी दिसू लागतात. यासाठी माप आधी ठरवावे आणि पॉवरपॉइंटात पहिल्या क्षणी तेच घालावे. नवी फाइल उघडली की जी स्लाइड दिसते ती सुमारे ३३.९ सेंटिमीटर रुंद व १९ सेंटिमीटर उंच असते. ‘डिझाइन’ या विभागात ‘स्लाइड साइझ’ आणि त्यात ‘कस्टम’ असा पर्याय आहे. तेथे आपली रुंदी व उंची लिहावी. सगळे पोस्टर तयार झाल्यावर माप बदलू नये. तसे केले तर संगणक सर्व चौकटी आपल्या मर्जीने लहानमोठ्या करतो आणि आखणी विसकटते. पॉवरपॉइंट ५६ इंचांहून, म्हणजे १४२.२४ सेंटिमीटरांहून, मोठी बाजू स्वीकारीत नाही. एखाद्याला सहा फुटी पट्टाच हवा असेल तर तो निम्म्या मापात आखावा आणि छापणाऱ्यास दोनशे टक्के मोठा छापावयास सांगावा. मात्र मग अक्षरांचे प्रत्येक माप छपाईत दुप्पट होणार, हे विसरू नये.

माप घातल्यावर चहूबाजूंनी तीन-चार सेंटिमीटरांचा समास सोडावा आणि आत तीन रकाने पाडावेत. एकाच रकान्यात मीटरभर लांबीची ओळ कोणालाही वाचवत नाही, नजर परत येताना ओळ चुकते. रकान्यांच्या सीमा ठरवण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये न छापल्या जाणाऱ्या मार्गदर्शक रेषा मिळतात; त्यांना चिकटवून चौकटी ठेवल्या म्हणजे ‘डोळ्यांनी जुळवण्या’चा त्रास वाचतो.

अक्षरांचे माप पॉइंटांत मोजतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ए-० साठी मथळा ९० ते १०० पॉइंट, पोटमथळे ५० च्या आसपास, मजकूर ३२ ते ३६ आणि चित्रांखालील ओळी २४ हून कमी नाहीत, असा आमचा शिरस्ता आहे. पण हे आकडे पाठ करण्यापेक्षा एक परीक्षा घ्यावी. संपूर्ण पोस्टर साध्या ए-४ कागदावर छापून घ्यावे आणि पुस्तक धरतो तसे, सुमारे चाळीस सेंटिमीटरांवर, हातात धरून वाचावे. ए-० हा ए-४ च्या चौपट. तेव्हा चाळीसच्या चौपट, म्हणजे एकशेसाठ सेंटिमीटर, सव्वापाच फूट, अंतरावरून ए-० पाहणाऱ्याच्या डोळ्याशी अक्षरांचा तोच कोन होतो. समरूप त्रिकोणांचा हा साधा हिशेब आहे. हातातला कागद वाचताना डोळे बारीक करावे लागले, तर प्रदर्शनातील माणूस सव्वापाच फुटांवरून ते वाचणार नाही. संगणकाचा पडदा मात्र येथे हटकून फसवतो, कारण पडद्यावर आपण हवे तेवढे जवळ जाऊ शकतो.

आता मराठी अक्षरांकडे वळू. या विषयावर इंग्रजीत मार्गदर्शन उदंड आहे, पण आपली लिपी समोर ठेवून केलेले त्यात काहीच नसते, आणि आमच्या अनुभवात पोस्टरे बिघडतात ती येथेच.

पहिली गोष्ट फाँटाची. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या मराठी फाँटांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. म्हणजे पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी ते एखादे इंग्रजी अक्षरच असे. ज्या यंत्रावर तो फाँट नाही तेथे फाइल उघडली, की संपूर्ण परिच्छेदाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ उमटतो. युनिकोडमध्ये १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. त्यात लिहिलेला मजकूर फाँट बदलला तरी मराठीच राहतो. म्हणून पोस्टराचा मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या फाइलीतून उतारा घ्यायचा झाल्यास तो रूपांतरित करून घ्यावा, आणि मग रफार, जोडाक्षरे व पहिली वेलांटी यांवर विशेष नजर ठेवून पुन्हा वाचावा.

दुसरी गोष्ट ओळींमधील अंतराची. रोमन अक्षरांच्या वर-खाली फारसे काही लटकत नाही. आमच्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय एकाखाली एक बसलेली जोडाक्षरे. ‘दृष्टी’ या शब्दाखाली ‘वर्षी’ आला, की वरच्याचा ऋकार खालच्याच्या वेलांटीत अडकतो. ओळींचे अंतर १.२ ते १.३ पट करावे. कागद थोडा अधिक लागतो, पण डोळ्याला श्वास घेता येतो. अक्षरे एकमेकांपासून दूर सारण्याची जी सोय आहे ती देवनागरीला वापरू नये, शिरोरेखा तुटते आणि शब्दाची माळ सुटल्यासारखी दिसते. तिरपा ठसा तर आपल्या लिपीच्या प्रकृतीला मानवतच नाही. ठळक ठशाबद्दलही सावध राहावे : काही फाँटांना खरा ठळक ठसा नसतो, संगणक मूळ अक्षरेच फुगवतो आणि ‘क्ष’, ‘ण’, ‘ध’ यांची पोटे शाईने भरून जातात. आणखी एक. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा मोह धरू नये. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात. ‘खारेपणामुळे’, ‘शेतकऱ्यांच्याकडून’ असले दोन शब्द एका ओळीत आले की मधोमध खिंडार पडते. डावी कड सरळ असावी, उजवी जशी पडेल तशी.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. हिंदी वळणाचे ‘ल’ व ‘श’ आणि मराठी वळणाचे यांत भेद आहे. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही आपली रूपे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाणित वर्णमाला ठरवताना तीच ग्राह्य धरली. तथापि संगणकातील कित्येक फाँट हिंदी वळणाचे असतात. वाचनाला त्याने अडत नाही हे मान्य, पण शंभर पॉइंटांच्या मथळ्यात ते वळण डोळ्यांत भरते. मुक्तपणे मिळणाऱ्या ‘तिरो देवनागरी मराठी’ या फाँटात मराठी रूपे मुळातच आहेत. मजकुरासाठी ‘मुक्त’ हा फाँटही स्वच्छ आहे.

एवढी काळजी घेऊनही दुकानात अपघात होतो. तेथील कारागीर फाइल आपल्या नेहमीच्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, ते मजकुराचे सुटे तुकडे करते, आणि ‘क्षितिज’ मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, ‘प्रश्न’ मधले जोडाक्षर पाय मोडून उभे राहते. कारागिराला मराठी येत असले तरी गर्दीत त्याचे तिकडे लक्ष जात नाही. यावर उपाय एकच : पॉवरपॉइंटची मूळ फाइल न देता पीडीएफ करून द्यावी. पीडीएफमध्ये फाँट आतच गुंफलेले असतात. ती घरी, आणि शक्य तर दुसऱ्या संगणकावर, उघडून शब्दन् शब्द पाहावी आणि दुकानात ‘आत काही उघडू नका, आहे तशी छापा’ असे स्पष्ट सांगावे.

अशा वेळी एक सोपा सल्ला हटकून कानी येतो : अक्षरे फुटतात ना, मग इंग्रजीतच करून टाका. हा सल्ला आम्हांस मान्य नाही, आणि तो केवळ भाषाभिमानापोटी नव्हे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून मुलांनी पाणी भरून आणले, त्याला त्या पाण्याचे काय झाले हे वाचता आले पाहिजे. ते त्याच्या शेताचे संशोधन आहे. आम्ही घरी कोकणी बोलतो आणि वर्गात मराठी शिकवतो; त्यामुळे आणखी एक पेच आमच्या ध्यानात येतो. ‘मानस’ म्हटले की आमच्या मुलांना झडपेचे दार दिसते. पुण्याच्या किंवा इंदूरच्या वाचकाला मन किंवा मनसुबा आठवतो. असे शब्द गाळू नयेत, त्यांच्या जागी कोशातला अवजड प्रतिशब्दही बसवू नये. चित्रात बाण काढून त्याशेजारी शब्द लिहावा, अर्थ आपोआप कळतो. आणि मजकूर पक्का करण्यापूर्वी तो घरातल्या आजीला वाचायला द्यावा. ‘जलक्षारता’ म्हणजे काय असे तिने विचारले, तर तेथे ‘पाण्याचा खारेपणा’ असे लिहावे.

चित्रांचे शास्त्र थोडक्यात सांगतो. छायाचित्र हे ठिपक्यांचे बनलेले असते. छपाईत एका इंचात निदान दीडशे ठिपके पडले तर ते जवळूनही स्वच्छ दिसते. चांगल्या मोबाइलने काढलेले ४००० बाय ३००० ठिपक्यांचे छायाचित्र या हिशेबाने सुमारे ६७ सेंटिमीटर रुंद छापता येते. तेच छायाचित्र एकमेकांना व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने पाठवले की आकसते. समजा, त्याची लांब बाजू १६०० ठिपक्यांवर आली, तर सत्तावीस सेंटिमीटरांपुढे ते धुरकट होऊ लागणार. म्हणून छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे किंवा केबलने उतरवून घ्यावे. पॉवरपॉइंटही फाइल हलकी करण्यासाठी चित्रे दाबतो. ती सवय त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये बंद करता येते. आलेख मात्र छायाचित्र म्हणून चिकटवू नये, पॉवरपॉइंटातच काढावा. तो रेषांचा असल्याने कितीही मोठा केला तरी फुटत नाही. आमच्या मुलांच्या पोस्टरात एका बाजूस अंतराचे आणि दुसऱ्या बाजूस खारेपणाचे आकडे असलेले दोन तक्ते होते. ते दोन्ही काढून एकच आलेख ठेवला, आणि त्याखालची ओळ ‘आलेख १’ अशी न ठेवता त्या आलेखातून काय दिसते ते सांगणारी केली.

रंगांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, यंत्र चार शाईंनी. पडद्यावरचा झगझगीत हिरवा व निळा कागदावर येत नाही. पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकी असावी. आलेखातील दोन रेषांना तांबडा आणि हिरवा रंग देऊ नये, कारण या दोहोंतील भेद न दिसणारी माणसे, विशेषतः पुरुष, आपल्या समजुतीहून अधिक असतात. निळा व नारिंगी द्यावा, आणि एक रेषा तुटक काढावी.

छपाई दोन प्रकारची मिळते. गावोगावी जी दुकाने आहेत ती बहुतेक फ्लेक्सची. चौरस फुटाच्या दराने ते स्वस्त पडते, पाण्याने भिजत नाही. पण ते प्लास्टिक आहे, चमकते, त्यावर बारीक अक्षरे तितकी रेखीव उमटत नाहीत, आणि प्रदर्शन आटोपल्यावर ते कुजतही नाही. दुसरा प्रकार रुंद कागदाच्या गुंडाळीवर छापणाऱ्या यंत्राचा. घरांचे नकाशे जेथे छापतात तेथे तो असतो. ३६ इंच रुंद गुंडाळीवर ए-० सहज बसतो. चारशे शब्द वाचून घ्यायचे असतील तर कागदच बरा. दर कोणताही असो, ए-० साठी पावणेअकरा चौरस फुटांचा हिशेब धरावा. संपूर्ण पोस्टर छापण्याआधी मजकुराचा एक वीतभर तुकडा खऱ्या मापात छापून मागावा. दुकानदार कुरकुरतो, पण देतो. आणि रंग, अक्षर, जोडाक्षर या तिन्हींचा निकाल तेथल्या तेथे लागतो.

तयार कागद घडी घालून नेऊ नये. सैल गुंडाळी करून, दोन्ही तोंडांना बूच असलेल्या नळीत घालून न्यावा. प्रदर्शनाच्या जागी मध्यभाग साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येईल असा लावावा. विद्यार्थ्याने पोस्टरासमोर नव्हे, बाजूला उभे राहावे. पाठ केलेले भाषण करण्याऐवजी पाहुणा कोठे पाहतो आहे ते पाहून तेथूनच बोलायला आरंभ करावा. ए-४ परीक्षेसाठी जी छोटी प्रत काढली होती, तिच्या वीस-पंचवीस प्रती शेजारी ठेवाव्यात. ज्याला खरा रस असतो तो एक मागून नेतो. आमच्या मुलांनी त्यांतल्या काही बांधावर नेऊन दिल्या. तेथे एका वृद्ध शेतकऱ्याने आलेखावर बोट ठेवून, आपला कोपरा यात कोठे येतो असे विचारले. मुलांनी तो दाखवला. त्यावर, पुढच्या पावसाळ्यात नमुने पलीकडच्या मानसापाशीही घ्या, असे त्याने सुचवले. ती फाइल, मापांसह, शाळेच्या संगणकावर जपून ठेवली आहे; यंदाच्या नववीने त्यातला मथळा तेवढा बदलून काम सुरू केले आहे.